पाईपच्या वेल्डची ताकद आणि हार्डनेस: सातपूर-अंबडमध्ये नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी

नाशिककडे सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डिंगला किंवा क्वालिटीला लागलात की लवकरच दोन कागद हातात पडतात. एक टेन्साईलचा, म्हणजे ओढून तोडल्यावर किती ताकद निघाली त्याचा रिपोर्ट, दुसरा हार्डनेसचा, म्हणजे कडकपणाचा. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली बरीच मुलंमुली या दोन्हींकडे एकाच नजरेनं बघतात: आकडा मोठा म्हणजे जोड मजबूत. टेन्साईलच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी चालून जातं. हार्डनेसच्या बाबतीत मात्र हा समज घातक आहे. पाईपलाईनच्या वेल्डमध्ये हार्डनेस प्रमाणाबाहेर वाढला, तर तो जोड तडकण्याच्या वाटेवर आहे असं समजायचं.

टेन्साईल मशीन जोडातली सगळ्यात कमजोर जागा शोधून तिथे तोडतं. हार्डनेस मशीन सगळ्यात ठिसूळ होऊ शकेल ती जागा दाखवतं. या दोन जागा सहसा वेगळ्या असतात, म्हणून एका टेस्टचा पास दुसरीच्या कामाचा नाही. हा लेख पाईपचा कागद वाचण्यापासून लॅबचा रिपोर्ट हातात येईपर्यंत, ज्या क्रमानं काम होतं त्याच क्रमानं लिहिला आहे.

आधी जोडावर ताण कुठून येतो ते बघा

समजा ८ इंची गॅसची लाईन आहे. बाहेरचा व्यास २१९.१ मिमी, जाडी ६.४ मिमी, दाब ४९ बार म्हणजे ४.९ एमपीए (मेगापास्कल). पाईप फाडू पाहणारा परिघाच्या दिशेचा ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. उत्तर येतं सुमारे ८४ एमपीए. हा ताण पाईपच्या सीमवर, म्हणजे लांबीच्या जोडावर येतो. आपण साईटवर मारतो त्या गोल जोडावर दाबामुळे येणारा ताण याच्या निम्मा, म्हणजे ४२ एमपीएच्या आसपास. गाडलेल्या लाईनमध्ये तो आणखी कमी. साध्या ग्रेड बी पाईपची यील्ड, म्हणजे पाईप कायमचा ताणला जायला लागतो तो ताण, २४५ एमपीए असते. हिशेब इथेच थांबवला तर वाटेल की गोल जोडाची एवढी काळजी कशाला?

कारण जमीन स्थिर नसते. निफाड-चांदोरीकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. लाईन कुठे उचलली जाते, कुठे खचते, आणि वाकण्याचा सगळा भार गोल जोडांवर येतो. खंदकात पाईप उतरवताना साईड-बूमनं, म्हणजे पाईप उचलणाऱ्या क्रेननं, जो झोल पडतो, तोही याच जोडांवर. त्यात जोडाच्या कडेला ठिसूळ पट्टा असेल आणि त्यात एखादी बारीक तडा असेल, तर ४२ एमपीएचा हिशेब काही उपयोगाचा राहत नाही.

पाईपचा कागद वाचा

प्रत्येक पाईपसोबत मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट येतं. शॉपवर सगळे त्याला एमटीसी म्हणतात. पहिलं काम म्हणजे पाईपवर पंच केलेला किंवा स्टेन्सिल केलेला हीट नंबर (पाईप पोलादाच्या कुठल्या वितळीतून बनला तो नंबर) आणि कागदावरचा हीट नंबर जुळवणं. जुळत नसेल तर पुढचं काहीही करू नका.

मग ग्रेड बघा. गॅस आणि तेलाच्या लाईनला एपीआय ५एल या अमेरिकन मानकाचे पाईप असतात. ग्रेड बीची किमान यील्ड २४५ आणि किमान टेन्साईल ४१५ एमपीए. एक्स४२ ला २९० आणि ४१५, एक्स५२ ला ३६० आणि ४६०, एक्स६५ ला ४५० आणि ५३५, एक्स७० ला ४८५ आणि ५७०. पाण्याच्या मोठ्या लाईनसाठी आपल्याकडे आयएस ३५८९ या भारतीय मानकाचे पाईप येतात. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोत येणारी तेलाची लाईन आणि मुकणे धरणातून विल्होळीला येणारी पाण्याची लाईन, दोन्हींना वेल्ड लागतो, पण दोन्हींच्या अटी सारख्या नसतात. कुठलं कोड लागू आहे ते ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय एकही आकडा पाठ करू नका.

आता रासायनिक घटकांचा तक्ता काढा आणि कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे वेल्डला पोलाद किती कडक होईल याचा अंदाज देणारा आकडा, स्वतः काढून बघा:

कार्बन + मँगनीज/६ + (क्रोमियम + मॉलिब्डेनम + व्हॅनेडियम)/५ + (निकेल + तांबं)/१५

उदाहरण घेऊ. कार्बन ०.१६, मँगनीज १.३०, क्रोमियम ०.०५, मॉलिब्डेनम ०.०२, व्हॅनेडियम ०.०३, निकेल ०.०५, तांबं ०.१०. बेरीज ०.४१ च्या आसपास येते. एपीआय ५एलच्या पीएसएल २ (जास्त काटेकोर अटींच्या दर्जाच्या) पाईपला ०.४३ ची मर्यादा आहे, म्हणजे हा पाईप आत बसला. आता बाकी सगळं तेच ठेवून फक्त कार्बन ०.२२ करा. आकडा ०.४७ होतो. दोन्ही पाईप एक्स५२ म्हणूनच विकले जाऊ शकतात आणि टेन्साईलला दोन्ही आरामात पास होतील. पण दुसरा पाईप वेल्डच्या कडेला बराच जास्त कडक होणार, आणि त्याला प्रीहीट, म्हणजे वेल्डआधी तापवणं, जास्त लागणार. कार्बन ०.१२ टक्क्यांपर्यंत असलेल्या आधुनिक पाईपसाठी पीसीएम नावाचं दुसरं सूत्र वापरतात, त्याची मर्यादा ०.२५.

हा हिशेब कागदाच्या कोपऱ्यात दोन मिनिटांत होतो. शॉपमध्ये तो करणारा माणूस क्वचित भेटतो. तुम्ही करा.

वेल्डच्या कडेला नेमकं काय होतं

वेल्ड मारल्यावर तीन वेगळे भाग तयार होतात: वितळून थिजलेला वेल्ड मेटल, अजिबात न बदललेला पाईप, आणि यांच्या मधला उष्णता खाल्लेला पट्टा. या पट्ट्याला सगळे 'हॅझ' म्हणतात. पाईपच्या कामात तो दोन-तीन मिलीमीटर रुंद असतो, पण सगळा धोका तिथेच साठतो.

हॅझमधलं लोखंड वितळत नाही, पण लालबुंद होतं. त्यातला वेल्डला अगदी चिकटलेला भाग हजार अंशांच्या वर जातो, तिथले कण मोठे होतात. मग भोवतीचा थंड पाईप ही उष्णता झपाट्यानं ओढून घेतो. ८०० वरून ५०० अंशांवर यायला किती सेकंद लागले, यावर पुढचं सगळं ठरतं. सावकाश थंड झालं तर पाईपसारखीच मऊ रचना मिळते. पटकन थंड झालं आणि कार्बन जास्त असला तर मार्टेन्साईट बनतं, जे कडक आणि ठिसूळ असतं.

त्यात हायड्रोजन आला की खरी अडचण सुरू होते. हायड्रोजन येतो ओलसर रॉडमधून, गंजातून, तेलाच्या डागातून, पाईपवरच्या दवातून. वितळलेल्या धातूत तो सहज विरघळतो आणि थंड होताना हॅझमध्ये अडकतो. कडक रचना, हायड्रोजन आणि ताण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि जोड थंड झाला की तडा पडते. ती लगेच पडेलच असं नाही, काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनीही पडते. म्हणून जास्त कडक होणाऱ्या पाईपच्या जोडाची एक्स-रे किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी २४ ते ४८ तास थांबून करायला सांगतात. संध्याकाळी जोड मारला, रात्री फिल्म काढली, सकाळी पास झाला, असं काम घाईचं म्हणून ओळखायचं.

या तिन्हींपैकी एक जरी काढून टाकता आलं तरी तडा टळते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हेच आहे.

रॉड

ई६०१० हा सेल्युलोजचा रॉड. रूट पासला, म्हणजे जोडाच्या तळाच्या पहिल्या थराला, पेनिट्रेशन छान देतो, वरून खाली भरभर जातो, म्हणून लांब पाईपलाईनवर याच्याशिवाय पान हलत नाही. पण तो हायड्रोजन भरपूर सोडतो, १०० ग्रॅम वेल्ड मेटलमागे ३० मिलीलिटरच्या वर. ई७०१८ हा लो हायड्रोजन रॉड. नीट सुकवलेला असेल तर हाच आकडा ८ किंवा ४ च्या खाली राहतो. 'नीट सुकवलेला असेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जूनपासून घोटी-इगतपुरीच्या बाजूला हवा एवढी ओली असते की उघड्या पाकिटातला ई७०१८ काही तासांतच आपलं वैशिष्ट्य गमावतो.

ई७०१८ बनवणाऱ्या कंपनीनं पाकिटावर जे तापमान दिलं असेल त्यावर भाजायचा, साधारण ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास. मग १२० अंशांच्या आसपासच्या होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवायचा आणि वेल्डरला क्विव्हरमधूनच (रॉड गरम ठेवणाऱ्या डब्यातूनच) द्यायचा. वीज गेली तर ओव्हन किती वेळ बंद होता, याची नोंद ठेवा. ई६०१० मात्र असा भाजायचा नाही. त्याच्या कोटिंगला थोडी ओल लागतेच. ओव्हनमध्ये कोरडा केला तर आर्क बिघडतो. दोन्ही रॉड एकाच ओव्हनमध्ये दिसले तर लगेच बाहेर काढा.

सेल्युलोजनं रूट मारली असेल तर हॉट पास, म्हणजे त्यावरचा दुसरा थर, लवकर पडायला हवा. प्रोसिजरमध्ये, म्हणजे वेल्ड कसा मारायचा ते ठरवून दिलेल्या कागदात, मिनिटं दिलेली असतात. रूटची बारीक पट्टी थंड होऊ दिली, त्यात पाईपला क्लॅम्पमधून सोडून हलवलं, की हायड्रोजनला हवं ते सगळं मिळालं.

प्रीहीट

डिसेंबरच्या सकाळी निफाडकडे पारा एक आकडी होतो. रात्रभर उघड्यावर पडलेल्या पाईपला हात लावला तर ओला लागतो. अशा पाईपवर थेट आर्क मारला तर उष्णता किती वेगानं पळेल आणि दवाचं पाणी कुठे जाईल, हे वेगळं सांगायला नको.

टॉर्च फिरवताना बेव्हलच्या, म्हणजे वेल्डसाठी तिरप्या कापलेल्या कडांच्या, दोन्ही बाजूंना किमान ५० ते ७५ मिमी पट्टा तापायला हवा, तोही पूर्ण घेराला. टॉर्च पाईपजवळ नेल्याबरोबर पृष्ठभागावर पाण्याची एक ओळ उमटते आणि पुढे पळत जाते. ती दिसेनाशी झाली म्हणजे ओल गेली असं नवीन मुलं समजतात. ते पाणी गॅस जळताना तयार झालेलं असतं आणि थंड पाईपवर जमतं, पाईप थोडा तापला की जातं. तेवढ्यानं प्रीहीट झालं असं नाही. टेंपस्टिक ओढा. ठरलेल्या तापमानाची कांडी वितळून ओली रेघ उमटली तरच तापमान मिळालं. शक्य असेल तर ज्या बाजूनं ज्योत मारली तिच्या उलट बाजूला मोजा. ते जमत नसेल तर ज्योत काढून मिनिटभर थांबा आणि मग मोजा. पुढच्या प्रत्येक पासआधी तापमान प्रीहीटच्या खाली गेलेलं नसावं.

जोड संपल्यावर त्यावर पाणी मारून थंड करणारे लोक आजही दिसतात. कुणी वरिष्ठ असला तरी त्याला थांबवा. हॅझला कडक करण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

हीट इनपुट

व्होल्टेज गुणिले करंट गुणिले ६०, भागिले मिनिटाला किती मिलीमीटर पुढे गेलात. आलेल्या आकड्याला १००० नं भागलं की प्रत्येक मिलीमीटरला किती किलोज्यूल मिळाले ते कळतं. ई७०१८ खालून वर मारताना २४ व्होल्ट, ११० अँपिअर आणि मिनिटाला ८० मिमी असेल, तर १.९८ किलोज्यूल. ई६०१० वरून खाली मारताना २८ व्होल्ट, १३० अँपिअर आणि ३०० मिमी असेल, तर ०.७३. म्हणजे डाऊनहिल कामात उष्णता निम्म्याहून कमी, थंड होणं जलद आणि वर हायड्रोजनही जास्त. डाऊनहिल वाईट आहे असं नाही, त्याच पद्धतीनं जगभर लाईन पडल्या आहेत. पण तिथे प्रीहीट आणि हॉट पासची शिस्त ढिली सोडता येत नाही.

स्टॉपवॉच आणि क्लॅम्प मीटर घेऊन वेल्डरशेजारी बसा. त्याला आधी सांगा की चूक शोधायला नाही, आकडा घ्यायला आलो आहे. नाहीतर तो नेहमीपेक्षा सावकाश मारेल आणि तुमची नोंद खोटी पडेल.

एक छोटी गोष्ट, पण फार महत्त्वाची: आर्क नेहमी बेव्हलच्या आतच पेटवायचा. पाईपच्या अंगावर रॉड घासून पेटवला की तिथे एक इवलासा ठिपका क्षणात वितळतो आणि क्षणात गार होतो. तो ठिपका वेल्डपेक्षाही कडक असू शकतो. असा डाग ग्राइंड करून काढा, अमोनियम परसल्फेटच्या द्रावणानं पुसून काळसर खूण उरलेली नाही ना ते बघा, आणि शेवटी उरलेली जाडी गेजनं मोजा.

कूपन कापणं

प्रोसिजर पक्की करण्यासाठी मारलेल्या जोडातून पट्ट्या, म्हणजे कूपन, कापतात. कुठल्या जागेवरून कुठली पट्टी, हे कोडमधल्या चित्रात दिलेलं असतं. गॅसनं कापायला लागलंच तर पट्टीच्या कडेला भरपूर माल सोडा आणि तो नंतर मशीननं काढा. हार्डनेसचा तुकडा तर बँडसॉवर कूलंट सोडूनच कापा. तुकडा कापताना निळा पडला म्हणजे तुम्ही त्याचा हार्डनेस बदलून टाकला, मग मशीन काहीही दाखवो.

टेन्साईल

एपीआय ११०४ या पाईपलाईन वेल्डिंगच्या कोडची पट्टी सुमारे २३० मिमी लांब आणि २५ मिमी रुंद, मधोमध वेल्ड. रुंदी आणि जाडी व्हर्नियरनं मोजा, ड्रॉइंगवरून घेऊ नका. समजा एक्स५२ च्या पट्टीची रुंदी २५.२ आणि जाडी ९.४ मिमी निघाली. क्षेत्रफळ २३६.९ चौरस मिमी. यूटीएमवर (ओढून तोडणाऱ्या मशीनवर) पट्टी १२१.५ किलोन्यूटनला तुटली. म्हणजे ५१३ एमपीए. हवे होते किमान ४६०, पास.

इथे थांबू नका. पट्टी कुठे तुटली ते रिपोर्टमध्ये लिहा. पाईपच्या अंगात तुटली असेल, आणि बहुतेक वेळा तिथेच तुटते, तर ५१३ हा पाईपचा आकडा आहे. वेल्डबद्दल एवढंच कळलं की तो याहून कमी नाही. किती जास्त आहे, हॅझ किती ठिसूळ आहे, यातलं काहीही या टेस्टनं सांगितलेलं नाही. ३०० च्या वर हार्डनेस असलेला हॅझ घेऊनही पट्टी सुरेख पास होते, कारण तो अरुंद कडक पट्टा ताणायच्या आधी मऊ पाईप ताणला जातो. कोडातला आणखी एक फरक लक्षात ठेवा: एपीआय ११०४ मध्ये पट्टीवरचं कॅपिंग (सगळ्यात वरचा थर) आणि रूटचा उंचवटा तसाच ठेवतात, तर एएसएमई सेक्शन ९ या दुसऱ्या कोडमध्ये तो मशीननं सपाट करतात. उंचवटा असला की वेल्डची जागा जाड होते आणि तुटण्याची जागा आपोआप पाईपकडे सरकते. एएसएमईच्या टेस्टमध्ये पट्टी वेल्डबाहेर पाईपमध्ये तुटली, तर किमान ताकदीपेक्षा ५ टक्क्यांपर्यंत कमी आकडाही स्वीकारतात. वेल्डमध्ये तुटली तर ही सूट नाही.

बेंड आणि निक-ब्रेक

बेंडमध्ये पट्टी साच्यावर यूच्या आकारात वाकवतात आणि ताणलेल्या बाजूला ३ मिमीपेक्षा मोठी चीर उघडली का ते बघतात. पातळ पाईप असेल तर एपीआयमध्ये जाडीच्या निम्मी ही मर्यादा आणखी आत येते. जाडी १२.७ मिमीच्या वर गेली की फेस (वरची बाजू) आणि रूट (तळ) ताणण्याऐवजी साईड बेंड, म्हणजे छेदाची बाजू ताणायची. पट्टीच्या कडा आधी गोल करून घ्या, नाहीतर धारदार कोपऱ्यातून चीर सुटते आणि तिचा दोष वेल्डच्या माथी बसतो.

निक-ब्रेक ही मला सगळ्यात प्रामाणिक टेस्ट वाटते. वेल्डला दोन्ही कडांनी हॅकसॉनं सुमारे ३ मिमी खाच पाडायची आणि हातोड्यानं तोडायचं. वेल्ड पोटातून उघडा पडतो. स्लॅग, पोकळ्या, न मिसळलेली जागा डोळ्यांनी दिसते. एकटी पोकळी १.६ मिमीपेक्षा मोठी नको. कधी तुटलेल्या भागावर चकचकीत गोल ठिपके दिसतात, मधोमध बारीक छिद्र असलेले. त्यांना फिशआय म्हणतात. एपीआय ११०४ त्यावरून जोड नाकारत नाही, पण ते हायड्रोजनची खूण आहेत. दिसले की रॉडच्या ओव्हनकडे जाऊन बघा.

हार्डनेस

इथे वेळ द्या.

तुकड्याचा आडवा छेद १२० च्या एमरी पेपरपासून सुरू करून ६०० च्या पुढे घासत न्या, प्रत्येक पेपरला तुकडा काटकोनात फिरवून आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. मग पॉलिश. मग नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये २ ते ५ टक्के नायट्रिक ॲसिड. मिश्रण करताना ॲसिड अल्कोहोलमध्ये थेंब-थेंब घाला, उलट कधीही नाही. हातमोजे आणि गॉगल घाला, खिडकी उघडी ठेवा आणि घट्ट बुचाच्या बाटलीत साठवून ठेवू नका. कापसानं नायटल लावला की काही सेकंदांत चकचकीत पृष्ठभाग धुरकट होतो आणि आतापर्यंत न दिसलेलं चित्र उमटतं: मधे वेल्डचे एकावर एक थर, दोन्ही बाजूंना गडद कडा असलेला हॅझ, बाहेर पाईप. तेवढ्यावर लगेच पाणी, मग अल्कोहोल, मग गरम हवा. जास्त वेळ ठेवलं तर सगळं काळं पडतं.

मोजायचं ते विकर्सनं. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या विकर्स कंपनीत ही पद्धत निघाली. १३६ अंशांचा हिऱ्याचा पिरॅमिड ठरलेल्या वजनानं दाबायचा आणि उमटलेल्या चौकोनाचे दोन कर्ण मोजायचे. पाईपच्या वेल्डला बहुतेकदा १० किलोचा भार असतो. हार्डनेस म्हणजे १.८५४ गुणिले भार, भागिले कर्णाचा वर्ग. कर्ण ०.२७२ मिमी आला तर २५० विकर्स, ०.२३० मिमी आला तर ३५०. पास आणि गंभीर नापास यांच्यामध्ये केसाच्या जाडीइतकंही अंतर नाही. आयपीसच्या रेषा चौकोनाच्या टोकाला नीट टेकवल्या नाहीत आणि ०.२७२ ऐवजी ०.२६७ वाचलं, तर २५० चे २६० होतात. म्हणून मर्यादेजवळचा आकडा आला की तोच ठसा दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या. मशीन सुरू करताना रोज स्टँडर्ड ब्लॉकवर तपासणी करा, ती टाळू नका.

ठशांच्या ओळी कुठे? बाहेरच्या पृष्ठभागाखाली दीड-दोन मिलीमीटरवर एक आणि आतल्या पृष्ठभागाजवळ तशीच एक. ओळ एका बाजूच्या पाईपमधून सुरू होते, हॅझ, वेल्ड, पलीकडचा हॅझ ओलांडून पलीकडच्या पाईपमध्ये संपते. हॅझमधला पहिला ठसा वेल्डच्या रेषेच्या जितका जवळ घेता येईल तितका, अर्ध्या मिलीमीटरच्या आत. दोन ठसे फार जवळ आले तर पहिल्यानं दाबून घट्ट केलेला धातू दुसऱ्याचा आकडा खोटा वाढवतो, म्हणून मध्ये किमान तीन कर्णांएवढं अंतर. १० किलोला सुमारे १ मिमी धरा.

सगळ्यात मोठा आकडा बहुधा कॅपच्या कडेच्या हॅझमध्ये सापडतो. याचं कारण समजून घ्या: रूटचा हॅझ पुढच्या पासच्या उष्णतेनं पुन्हा तापतो आणि मवाळ होतो. शेवटच्या पासच्या हॅझवर मात्र कुणीच येत नाही. म्हणून जाणकार वेल्डर शेवटचा मणी कडेच्या पाईपला न लावता आधीच्या मण्यांवर टाकतो.

आता आकडे कसे वाचायचे. पाईप १५० ते १९० च्या आसपास असतो. १६० विकर्स म्हणजे साधारण ५१० एमपीए, २५० म्हणजे ८०० एमपीए, असा अंदाज पोलादासाठी चालतो. हा अंदाज आहे, टेन्साईलच्या जागी रिपोर्टवर लिहायचा नाही. हायड्रोजन सल्फाईड असलेल्या तेल-गॅसच्या लाईनला कार्बन स्टीलसाठी २५० विकर्सची मर्यादा असते, म्हणजेच रॉकवेल सी २२. तिथे आतल्या बाजूची, रूटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण तो वायू आतून लागतो आणि कडक हॅझमध्ये पुन्हा हायड्रोजन घुसवतो. साध्या सर्व्हिसला मर्यादा सैल असते. ३५० च्या आसपास पोचलं की तडा पडण्याची भीती धरावी असा जुना ठोकताळा आहे. तुमच्या कामाला कुठला आकडा, ते ऑर्डर आणि कोड सांगेल.

उलटही घडतं. उष्णता देऊन ताकद वाढवलेल्या जास्त ग्रेडच्या पाईपमध्ये हॅझचा काही भाग पाईपपेक्षा मऊ पडतो. तिथे आकडा अचानक खाली गेलेला दिसला तर तोही लिहा, टेन्साईलची पट्टी त्याच जागी तुटू शकते.

साईटवर हातात धरायचं, चेंडू आपटून मोजणारं लीब मशीन सगळ्यांकडे असतं. पातळ पाईपवर त्याचा भरवसा धरू नका. भिंत थरथरते आणि आकडा चुकीचा, बहुधा कमी येतो. शिवाय दोन मिलीमीटरच्या हॅझवर तो चेंडू नेमका पडत नाही. साईटवर हॅझ मोजायचाच असेल तर यूसीआय (अल्ट्रासॉनिक) पद्धतीचं मशीन मागवा आणि पृष्ठभाग आधी नीट घासून घ्या.

आकडा बाहेर गेला तर

एकच ठसा बाहेर आला तर आधी ठसा तपासा, मग कोड परवानगी देत असेल तर शेजारी आणखी ठसे घ्या. पुन्हा बाहेर आले तर कारण शोधायला याच क्रमानं मागे जा: हीट इनपुटची नोंद, प्रीहीटची नोंद, एमटीसीवरचा कार्बन इक्विव्हॅलंट. बहुतेक वेळा उत्तर या तीन कागदांत सापडतं. प्रीहीट वाढवणं हा पहिला उपाय, वेग कमी करून उष्णता वाढवणं दुसरा. भरमसाट उष्णता द्यायची मात्र नाही, त्यानं कण मोठे होतात आणि टफनेस, म्हणजे तडा सोसण्याची ताकद, जातो. नंतर भट्टीत किंवा कॉईल लावून ६०० अंशांच्या वर उष्णतोपचार करणं हा तिसरा, खर्चिक उपाय.

रिपेअरच्या जोडाकडे वेगळं लक्ष द्या. दोष काढून मारलेला छोटा वेल्ड चारही बाजूंनी थंड, जाड धातूनं वेढलेला असतो, म्हणून तो मूळ जोडापेक्षा जास्त कडक होतो. रिपेअरला प्रीहीट मूळ जोडाइतकं किंवा जास्त, आणि छोटासाच आहे म्हणून त्यात सूट नाही.

लॅबला तुकडा पाठवताना एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता बघा, आणि ती नेमक्या त्याच टेस्टसाठी आहे ना तेही बघा. सोबतच्या पत्रात हे लिहा: हीट नंबर, ग्रेड, मोजलेली जाडी, कोडचं नाव आणि आवृत्ती, भार १० किलो, ठशांच्या ओळी पृष्ठभागापासून किती आत, हॅझमध्ये प्रत्येक बाजूला किती ठसे, मर्यादेचा आकडा, आणि ठशांच्या जागा दाखवणारा मॅक्रोचा (घासून नायटल लावलेल्या छेदाचा) फोटो हवा आहे असं स्पष्ट. तुकड्यावर आतली बाजू कुठली ते पंच करून पाठवा, नाहीतर रूटची ओळ आणि कॅपची ओळ रिपोर्टमध्ये अदलाबदल होते.